घराकडे कॅमेरा वळवणाऱ्यांच्या बाजूने

‘मी कुठला?’ हा प्रश्न घेऊन कुणी स्वतःच्या घराचा, आईबापाचा, सुटलेल्या गावाचा व्हिडिओ केला, की आमच्या नांदेड-लातूरकडे त्याच्यावर ठरलेले आक्षेप येतात. हे स्वतःचं रडगाणं आहे, ही कला नव्हे. हे शहरातल्या पोट भरलेल्या लोकांचे चोचले आहेत. मराठवाड्यात पाणी नाही, हाताला काम नाही, शेतकरी जीव देतोय आणि तुम्ही ओसरीवर बसलेली आजी दहा मिनिटं दाखवत बसता. असले व्हिडिओ तर आता प्रत्येकाच्या फोनमध्ये पडलेत, त्यात विशेष काय? आणि सगळ्यात शेवटी, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?

हे सगळं मी व्यासपीठावरून ऐकलं आहे, टपरीवर ऐकलं आहे, आणि ज्यांच्या वाचनाचा मला आदर आहे अशा माणसांच्या तोंडूनही ऐकलं आहे. म्हणूनच ते सोडून देता येत नाही. हे आक्षेप चुकीचे आहेत. शिवाय नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावात ते नुकसान करतात, कारण इथे ते ज्यांच्यावर घेतले जातात ती वीस-बावीस वर्षांची पोरं असतात. मुंबईतल्या कलावंताला टीका पचते. आमचं पोरगं दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पुसून टाकतं.

रडगाण्याचा आक्षेप आधी घेतो, कारण मराठीत तो एकदा करून झालेला आहे आणि त्याचं काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. पाठोपाठ दहा वर्षांच्या आत लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’. तेव्हाही प्रश्न हाच होता, की हे साहित्य म्हणायचं की नुसती कैफियत? एकट्या माणसाच्या हालअपेष्टांत वाङ्मयीन मूल्य कुठून येणार? आणि समाजाच्या आतूनही राग निघाला, की मागची घाण आता उकरून कशाला काढता, चारचौघांत आपलीच मान खाली जाते. दोन्ही बाजूंनी मार खात ती पुस्तकं उभी राहिली. आज त्यांच्याशिवाय मराठी गद्याचा इतिहास सांगता येत नाही.

ती टिकली ती करुणेच्या जोरावर नव्हे. ‘अक्करमाशी’ ज्या प्रश्नावर उभं आहे तो बघा. बाप कोण, जात कोणती, गाव कोणतं, आणि यातल्या कशावर मला हक्क सांगता येतो? हा लिंबाळ्यांचा खासगी प्रश्न होता, आणि त्याच वेळी गावगाड्याने ज्यांना कुठल्याच रकान्यात बसू दिलं नाही त्या सगळ्यांचा होता. ‘उचल्या’ तर आमच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या माणसाचं पुस्तक. इंग्रजांनी १८७१पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, हजेरी द्यायला लावली, त्यांपैकी एका जमातीतला हा माणूस. अशा माणसाला ‘तू कुठला?’ हे आधी चौकीत विचारलं जातं. हाच प्रश्न त्याने स्वतःच्या हातात घेतला, स्वतःच्या बोलीत लिहिला, आणि १९८८ साली साहित्य अकादमीने त्या पुस्तकाला पुरस्कार दिला. ‘मी’ म्हणणं म्हणजे समाजाकडे पाठ फिरवणं, हे मराठीत तरी कुणी म्हणू नये. ज्यांच्याबद्दल सगळं दुसऱ्यांनीच लिहून ठेवलेलं असतं, त्यांना आत शिरायला ‘मी’ एवढंच दार उघडं असतं.

लेखणीने जे केलं ते कॅमेऱ्याने आपल्याकडे उशिरा केलं, कारण कॅमेरा महाग होता. तरी केलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि २०१३ साली ‘फँड्री’. त्या कथा रचलेल्या आहेत, पण कॅमेरा कुठे उभा राहतो ते बघितलं की तो पाहुणा नाही हे कळतं. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेल्या माणसाची ती गोष्ट आहे आणि तिचं मूळ दिग्दर्शकाच्या स्वतःच्या अनुभवात आहे. बाप गेल्यावर गावी जाणं, तिथे आपण कुणाचे लागतो हे नव्याने शिकणं, यापेक्षा खासगी काय असतं? आणि यापेक्षा सगळ्यांचं तरी काय असतं?

चोचल्यांच्या आक्षेपात एक गोष्ट खरी आहे. या कलेची सुरुवात शहरातच झाली. मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ ते १९७२ या काळात एक प्रयोगशाळा चालवली होती, चित्रकार आणि छायाचित्रकारांनी एकत्र येऊन फिल्मवर प्रयोग करावेत म्हणून. नलिनी मलानी यांनी ऐन तरुणपणी आपल्या पहिल्या फिल्म तिथे केल्या. पण या मलानी कोण? १९४६ साली कराचीत जन्मलेल्या, फाळणीत तान्हेपणी इकडे आलेल्या. १९९८ साली, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, त्यांनी मंटोंच्या ‘टोबा टेक सिंग’ या फाळणीवरच्या कथेवरून एक मांडणी केली. त्यात पत्र्याच्या ट्रंका मांडल्या होत्या, आणि उघड्या ट्रंकांच्या आत टीव्हीचे पडदे चालू होते. आमच्याकडची प्रत्येक बाई ही ट्रंक ओळखते. लग्नात मिळते, पलंगाखाली राहते, मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघालं की गाडीत चढते. घर सोडताना जे नेता येतं ते या पेटीत मावतं. मलानींनी घर हरवल्याचं दुःख त्या पेटीत चालतं ठेवलं. नायगावच्या बाईला हे समजावून सांगायला समीक्षक लागत नाही.

ही कला शहराबाहेर गेली नाही असंही नाही. रेणू सावंत यांनी रत्नागिरीजवळच्या मिऱ्या या आपल्या वडिलोपार्जित गावी मुक्काम टाकला आणि रोजनिशी लिहावी तसं ते गाव चित्रित केलं. २०१७ सालचा तो चित्रपट जवळपास चार तासांचा आहे. ज्या गावाचं आपण नाव लावतो पण ज्या गावात आपण राहिलेलो नाही, त्याच्याशी आपलं नातं काय, हे शोधायला तेवढा वेळ लागतो. कोकणातल्या एका गावाला चार तास मिळू शकतात, तर नायगावला का नकोत?

मंटोंच्या त्या कथेतला वेडा विचारत राहतो की टोबा टेक सिंग हे गाव हिंदुस्थानात आहे की पाकिस्तानात. हा प्रश्न आमच्या म्हाताऱ्यांना नवा नव्हता. नांदेडहून देगलूर-हैदराबाद रस्त्याला लागलं की नरसीच्या अलीकडे नायगाव बाजार. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. पुढे हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. चाळीशीतल्या माणसाने आपल्या ओसरीवरून न उठता बारा वर्षांत इतके कारभार बघितले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तर जिल्हाच कापला गेला. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, तसंच मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आंध्रात गेली. आदिलाबादकडचं किनवट आणि इस्लापूर आमच्याकडे आलं. कागदावर ही मंडळं होती. प्रत्यक्षात त्या दिलेल्या लेकी होत्या, सोयरिकी होत्या, कुणाची सामाईक विहीर होती, कुणाचं कुलदैवत होतं. २०१४ साली त्या बाजूचं राज्य पुन्हा बदललं आणि तेलंगण झालं. आमच्या रेल्वेचा नांदेड विभाग आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे. आणि पुण्या-मुंबईत ‘नायगाव’ म्हटलं की ऐकणारा वसईचं समजतो, दादरचं समजतो, फार तर सावित्रीबाईंचं समजतो. मग आमचा माणूस गावाचं नाव सोडून देतो आणि नुसतं नांदेड सांगतो.

अशा प्रदेशात ‘मी कुठला?’ हा प्रश्न म्हणजे रिकामटेकडेपणा, असं कुणी म्हणालं तर त्याने आपल्याच जिल्ह्याचा नकाशा नीट बघितलेला नाही.

माझ्या ओळखीतल्या एका पोराने केलेला व्हिडिओ इथे सांगतो. त्याचे आईबाप आता चाकणला असतात, बाप कंपनीत कंत्राटी कामावर. पोराने फोन ओट्यावरच्या पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आहे. चौकटीत आईचे हात, परात आणि शेगडीवरचा तवा एवढंच दिसतं. चेहरा वरून कापला गेला आहे. ती ज्वारीची भाकरी थापतेय. थापण्याचा तो आवाज मिनिटभर तसाच चालू राहतो, कुणी बोलत नाही. मग पोरगं कॅमेऱ्यामागून विचारतं, “माय, कुणी इचारलं तर आपलं गाव कोणतं सांगावं?” हात थांबत नाहीत. ती म्हणते, “तुमचं का माझं?” आणि भाकरी तव्यावर टाकते, पाण्याचा हात फिरवते. पोराला उत्तर सुचत नाही. कॅमेरा चालूच राहतो. भाकरी उलटली जाते, मग तवा बाजूला होऊन ती आरावर जावी तशी थेट ज्योतीवर जाते, फुगते. आई बोलायला लागते. माहेर बिचकुंद्याकडे, तिथे घरात निम्मी भाषा तेलुगू. सासर नायगाव, तिथे पहिली काही वर्षं बोलण्याला हसायचे म्हणून गप्प राहायची. आता चाकणला शेजारणी म्हणतात, तुमची भाषा कसली हो, ‘करूलालाव’ काय, ‘जाऊलालाव’ काय. तिन्ही ठिकाणी ती बाहेरचीच. हे ती तक्रार म्हणून सांगत नाही, हिशेब सांगावा तसं सांगते.

लेकाला वाटत होतं की गाव सुटलं ते आपलं, बापाने काम धरल्यावर. त्याला त्या दिवशी कळलं की आईचं गाव त्याच्या जन्माआधीच सुटलं होतं आणि त्याबद्दल घरात कुणी कधी तिला विचारलंच नव्हतं. ‘आपलं गाव’ म्हणताना तो आजवर फक्त बापाचं गाव म्हणत होता. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं असतं? फोन टेकवून ठेवून, हात न लावता, गप्प बसून राहिला म्हणून ते हाती लागलं. मला ही कला वाटते. जो म्हणतो की यात घडण नाही, त्याने त्या चौकटीत चेहरा का नाही आणि हातच का आहेत याचा विचार करावा.

याच व्हिडिओबद्दल त्याला सांगितलं गेलं की यापेक्षा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर.

आमच्याकडे मुळांचा शोध कुणी घेत नाही असं थोडंच आहे? गेली काही वर्षं अख्खा मराठवाडा तेच करतो आहे. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून निजामकाळच्या नोंदी, मोडीतली दफ्तरं, उर्दूतले कागद चाळले जात आहेत. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या त्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच, की घराघरांत माणसं विचारत आहेत, पणजोबा कोण होते, कुठून आले, त्यांच्या नावापुढे काय लिहिलं होतं. हा शोध गंभीर आहे, त्याला सरकारी मान आहे, कारण त्यातून दाखला मिळतो. मग त्याच घरातलं पोरगं तोच प्रश्न आजीला विचारून तिचा आवाज टिपून ठेवतं तेव्हा तो पोरखेळ कसा होतो? दफ्तरात पणजोबाचं नाव सापडेल, पणजीचं बहुधा सापडणार नाही. तिच्याबद्दल जे काही उरलं आहे ते कुणाच्या तरी आठवणीत आहे, आणि त्या आठवणीचं वय ऐंशीच्या पुढे आहे.

आता दुष्काळाचा आणि आत्महत्यांचा आक्षेप. त्यामागची कळकळ खरी असते, म्हणून याच्याशी सगळ्यात जास्त बोलायला हवं. मराठवाड्यावर कॅमेरे आले नाहीत असं नाही. १९७२च्या दुष्काळात आले आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा टिपून गेले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा जगभरचे आले. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली तेव्हाही आले आणि टँकरच्या डब्यांसमोर उभे राहून बोलले. प्रत्येक वेळी आम्ही चित्रात होतो. गर्दी म्हणून, घागरींची रांग म्हणून, ढिगाऱ्याशेजारची बाई म्हणून. आमच्या तोंडची दोन वाक्यं घेतली गेली, त्यावर निवेदकाचा आवाज आला आणि खाली प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत पट्टी आली. त्या कॅमेऱ्यांनी मदत आणली, हे मी नाकारत नाही. पण त्यांना आमच्यातलं काय हवं होतं हे आधीच ठरलेलं होतं. दुःख संपलं की कॅमेरा परत जायचा.

किल्लारीचंच घ्या. भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशा घरांनीच माणसं मारली होती. म्हणून नवी घरं वेगळी, सरळ रेषेत, रुंद रस्त्यांवर, भूखंड पाडून. जीव वाचवायला ते बरोबरच होतं. पण बोळ गेले, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असलेली घरं गेली, वाड्याची ओसरी गेली, शेजार बदलला. ज्यांनी भूकंप बघितला त्यांच्या मुलांचा जन्म नव्या गावात झाला. त्यांना लहानपणापासून दोन गावं आहेत, एक राहायचं आणि एक ऐकायचं. ढिगारा दाखवायला बाहेरचा कॅमेरा पुरला. हे दुसरं गाव दाखवायला तो पुरणार नाही. ते त्या मुलांनाच, आता तिशीत आलेल्या त्या माणसांनाच करावं लागेल, आईचा हात धरून जुन्या जागी जाऊन, ‘इथे काय होतं?’ असं एकेका दगडापाशी विचारून. याला प्रश्नांपासून पळणं म्हणायचं असेल तर मग प्रश्नाला भिडणं कशाला म्हणायचं ते तरी मला सांगावं.

ज्यांनी आयुष्यभर आंदोलनं, दंगली, जातीचे अत्याचार चित्रित केले त्या आनंद पटवर्धनांकडे बघा. ‘जय भीम कॉम्रेड’ करणारा हा माणूस. २०२३ साली त्यांचा जो माहितीपट आला, ‘वसुधैव कुटुंबकम’, त्यात त्यांचे स्वतःचे म्हातारे आईवडील आहेत. आई निर्मला, सिंधमधून आलेली, शांतिनिकेतनात शिकलेली, मातीची भांडी घडवणारी. वडिलांचे भाऊ रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन, स्वातंत्र्यलढ्यातले. घरात सहज घेतलेलं चित्रण, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा, आणि त्यातून उलगडणारी फाळणी आणि बेचाळीसची चळवळ. घरात शिरल्याने त्यांचं राजकारण पातळ झालं असं कुणी म्हणेल का? शेतकऱ्याच्या आत्महत्येबद्दलही मला हेच वाटतं. आकडा वर्तमानपत्रात येतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. ज्या घरात ते घडलं त्या घरातली मुलगी मोठी होऊन बापाच्या रिकाम्या खुंटीकडे स्वतः कॅमेरा लावेल, तेव्हा आपण पहिल्यांदा त्या आकड्याच्या आत जाऊ. तिने ते करायलाच हवं असं नाही. पण तिने केलं तर तिला स्वार्थी म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

आणि विस्थापन म्हटलं की आम्हाला ऊसतोड दिसते, वीटभट्टी दिसते. दहावी झाली की पंधरा-सोळा वर्षांची लेकरं ट्रंक घेऊन लातूरला किंवा नांदेडला खोलीवर जातात, नीटच्या शिकवणीला, ते दिसत नाही. लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या वयात घर सुटतं ते पुन्हा पूर्वीसारखं मिळत नाही. सुट्टीत आलेलं लेकरू पाहुणा होतं. त्या खोल्यांमधून एखादा व्हिडिओ निघाला तर निकालाच्या फलकांपेक्षा जास्त काही सांगेल.

‘फोनमध्ये सगळेच काढतात’ या आक्षेपाला मात्र मी निम्मा होकार देतो. २०१६ साली जिओ आलं आणि गावागावांत डेटा स्वस्त झाला. टिकटॉकवर आमच्या वाडीवस्तीवरची माणसं नाचली, बोलली, दिसली. मला त्याचा आनंद होता. पण २९ जून २०२० रोजी सरकारने बंदी घातली आणि अनेकांची काही वर्षांची कमाई एका रात्रीत हातची गेली, कारण मूळ फाइली कुणी ठेवल्या नव्हत्या. आणि रीलचा स्वभावच वेगळा आहे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत बघणाऱ्याला पकडलं नाही तर तो बोटाने पुढे सरकवतो, म्हणून रील करणारा आधीच घाई करतो. आईच्या भाकरीवर तो सिनेमातलं गाणं टाकतो. तिथेच सगळं संपतं. थापण्याचा आवाज गेला, तिचा ‘करूलालाव’ गेला, मधली शांतता गेली. ‘तुमचं का माझं?’ हे उत्तर मिनिटभर गप्प बसल्यावर आलं होतं, रीलमध्ये ते आलंच नसतं.

म्हणून ज्यांना हे करायचं आहे त्यांना मी आवर्जून सांगतो. फोन आडवा धरा आणि कशाला तरी टेकवा. विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. चित्र थोडं अंधारलेलं चालेल, आवाज मात्र स्वच्छ हवा. एकाच जागेवरून पाच मिनिटं तरी चालू ठेवा. वरून गाणं लावू नका. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. महाग कॅमेऱ्याची वाट बघू नका. अमेरिकेत सेडी बेनिंग यांनी किशोरवयात, आपल्या खोलीत बसून, मुलांच्या खेळण्यातल्या कॅमेऱ्याने स्वतःबद्दलचे व्हिडिओ केले. तो कॅमेरा साध्या ऑडिओ कॅसेटवर चित्र उतरवायचा, सगळं धूसर आणि ठिपक्याठिपक्यांचं. ते व्हिडिओ आज या कलेच्या इतिहासात आहेत. फ्रान्समध्ये सत्तरी गाठलेल्या आन्येस वार्दा यांनी २००० सालच्या आपल्या चित्रपटासाठी हातात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला आणि शेतात सरवा वेचणाऱ्या लोकांमागे फिरल्या. मध्येच एका हाताने कॅमेरा धरून स्वतःचाच सुरकुतलेला दुसरा हात दाखवला. सरवा वेचणं आमच्या आज्यांना कुणी शिकवायला नको.

चव्हाट्याचा आक्षेप शेवटी ठेवला, कारण त्यात एक खरी जबाबदारी दडलेली आहे. मोना हातूम या पॅलेस्टिनी कुटुंबातल्या, बैरुतमध्ये वाढलेल्या. १९७५ साली लंडनला गेल्या असताना लेबनॉनमध्ये यादवी सुरू झाली आणि त्या तिकडेच अडकल्या. १९८८ साली त्यांनी पंधरा मिनिटांचा एक व्हिडिओ केला. पडद्यावर आईने अरबीत लिहिलेल्या पत्रांच्या ओळी, काटेरी तारेसारख्या, आणि त्या ओळींमागे न्हाणीघरातल्या आईची छायाचित्रं. मायलेकी अरबीत हसत-बोलत असल्याचा आवाज येत राहतो आणि त्यावर मुलगी ती पत्रं इंग्रजीत वाचते. बापाला ती छायाचित्रं आवडलेली नव्हती, हेही त्यातच येतं. पण आईने होकार दिला होता. सगळा फरक त्या होकाराने पडतो. परवानगी घेतली पाहिजे, आणि ती दोनदा घेतली पाहिजे. चित्रित करताना एकदा, दाखवताना पुन्हा. आई ‘नको’ म्हणाली तर तो व्हिडिओ कपाटात राहील. तिथेही तो वाया जात नाही. पण घरातल्या पुरुषाची अब्रू जाईल म्हणून बाईने स्वतःची गोष्ट सांगू नये, असं जे या आक्षेपामागे बहुतेक वेळा असतं, ते मला मान्य नाही. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांनी आपलं लिखाण घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं. अजून किती बायांनी लपवायचं?

चाकणच्या त्या आईने परवानगी दिली आहे. तिची अट एकच आहे, की आधी बिचकुंद्याला तिच्या भावांना दाखवायचा, मग बाकीच्यांना.

‘पण बघणार कोण?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर त्या अटीतच मिळालं. आधी ज्यांचं आहे ते बघतील. त्यानंतर गाव. १ नोव्हेंबर १९५६च्या संध्याकाळी, ज्या घराची लेक आता दुसऱ्या राज्यात गेली होती त्या घरात काय बोलणं झालं, हे टिपून ठेवायचं साधन तेव्हा सामान्य माणसाकडे नव्हतं. आता आहे. तालुक्यातल्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी पुस्तकांच्या कपाटाशेजारी दोन हार्ड डिस्क ठेवाव्यात. काही हजारांत येतात. पोरांनी आपली मूळ फाइल तिथे आणून द्यावी, कुणाला कधी दाखवायची ते लिहून द्यावं. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी आपण झेंडा लावतो आणि भाषणं करतो. त्या संध्याकाळी दोन भाषणं कमी करून शाळेच्या भिंतीला पांढरा पडदा लावावा आणि हे व्हिडिओ दाखवावेत. ज्यांचे आक्षेप आहेत त्यांनी पुढच्या रांगेत बसावं, शेवटपर्यंत बघावं, आणि मग उठून बोलावं. मी तिथे असेन आणि वाद घालायला तयार असेन.